ठिपका आपल्या तोंडासमोर

आकडे दोन आले होते, आणि दोन्ही खरे दिसत होते. एक जरी खोटा दिसला असता तर तिला झोप लागली असती.

पहिल्या तीन आठवड्यांच्या मोजणीतून निघालं एकशे अठ्ठेचाळीस. पुढच्या तीन आठवड्यांच्या मोजणीतून निघालं एकशे दोन. कणांचा झोत तोच, यंत्र तेच, मोजणारी माणसं तीच. चहाच्या कपावरचे तडेसुद्धा तेच. मधल्या चार दिवसांत एक पंप बदलला होता, एवढंच काय ते नवं. पण पंप म्हणजे पेटीतली हवा ओढून घेणारा रेडा. तो आकड्यात कसा शिरेल?

तिनं तारांची जाळी तपासली, घड्याळं तपासली, हवेचा दाब तपासला. सगळं कसं शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून बसलेलं. ती जिथं जिथं बोट ठेवी तिथं तिथं सगळं बरोबर निघे, आणि बरोबर निघालं की तिचा जीव आणखीच खाली जाई.

मोजायचं तरी काय होतं? एक आयुष्य. युरेनियमच्या केंद्रकात, त्या गच्च भरलेल्या घरात, कधी लाखात एखाद्या वेळी एक परकी पाहुणी शिरते. लॅम्डा तिचं नाव. घरचे सगळे आपापल्या पायरीवर अडकलेले असतात, कुणाला वर सरकता येत नाही की खाली. हिला कुणाची आडकाठी नाही. ही सरळ सगळ्यात आतल्या, सगळ्यात खोल खोलीत जाऊन बसते. असं पाहुणीसकटचं घर म्हणजे हायपरन्यूक्लियस. थोडा वेळ बसते, आणि जाते तेव्हा घर मोडूनच जाते. दोन तुकडे दोन दिशांना. किती वेळ बसली? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले शंभर-दीडशे. तेवढ्या वेळात ते अख्खं घर झोताच्या धक्क्यानं पुढं सरकतं, जेमतेम तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर भरतील एवढं. ते तीन केसांचं अंतर मोजायचं आणि त्यावरून आयुष्य काढायचं.

मोजायचं ते सावलीत. युरेनियमचा पातळ वर्ख एका चौकटीत ताणलेला असतो, त्या चौकटीची सावली तारांच्या जाळीवर पडते. जे घर वर्खातच मोडलं, त्याचे तुकडे त्या सावलीत पोचत नाहीत. जे उंबरठा ओलांडून बाहेर आलं आणि मग मोडलं, त्याचेच तुकडे सावलीत पडतात. जितकं लांब येऊन मोडलं तितके सावलीत आत. तिची सगळी कमाई त्या सावलीतली होती. सहा आठवड्यांत जेमतेम हजार ठिपके.

मोठ्या सरांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, मागं सरकले, डोळे बारीक करून पाहिले. त्यांच्या केबिनमध्ये पंखा एकाच दिशेला मान वळवून अडकला होता.

"गंमत म्हणजे दोन्हींना मायबाप आहेत," ते म्हणाले. "गणितवाल्यांपैकी निम्मे म्हणतात शंभराच्या आसपास, निम्मे म्हणतात दीडशे. तुम्ही दोघांनाही खूश केलंत."

"मी कुणालाच खूश केलं नाही, सर. मलाच कळत नाहीये."

"सरासरी काढून टाकू. सव्वाशे."

"सर, एक माणूस घरात आहे म्हणाला आणि दुसरा गावाला गेलाय म्हणाला, तर तो उंबरठ्यावर उभा आहे असं धरायचं का?"

ते हसले, मग हसायचे थांबले. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आकडा पाठवायचाय. एकच. आणि खरं सांगू? मला वर्खांचा संशय येतो. पहिले दोन वर्ख चांगले होते, नंतरचे दोन बिघडलेले असतील. तुमचे सासरे आता सत्तरीला आले. आपण वर्ख बाहेरून मागवू. तळघरातली ती खोली तशीही पाण्यासारखा पैसा पिते नुसती."

ती कागद गोळा करून उठली.

वर्खांची खोली तळघरात होती आणि ती आबांची, तिच्या सासऱ्यांची होती. तिच्या लग्नाच्या आधीपासून, नवऱ्याच्या जन्माच्याही आधीपासून. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी वर्ख लागला की आबांना बोलावणं जाई, कारण तो हात दुसऱ्या कुणाला नव्हता. काचेवर जमवलेला कार्बनचा पापुद्रा ते पाण्यावर सोडत. काच तिरपी करून बुडवली की पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगे, राखाडी, श्वासानंही फाटेल असा. मग खालून पितळी चौकट आणून तो अलगद उचलायचा. ते अस्तर. त्या अस्तरावर नंतर युरेनियमची वाफ बसवायची, तो वर्ख. उचलताना आबा गुणगुणत. सासूबाई गेल्या, पण त्यांच्या दोन ओळी तळघरात राहिल्या होत्या:

थांब थांब पाण्या, नको लाटा काढू,
वारियाच्या हाती, नको मला धाडू.

दोन ओळी संपेपर्यंत चौकट वर यायची. लवकर आली तर पापुद्रा फाटतो, उशिरा आली तर सुरकुततो. आबांचं घड्याळ ते एवढंच.

आणि मोठे सर म्हणत होते, खोली पैसा पिते.

पण खरी बोच वेगळीच होती. तिला स्वतःलाही संशय होता. गेल्या काही महिन्यांत आबा चहा कपाच्या काठाबाहेर ओतत. वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटत नसत. मागच्या महिन्यात शेजारणीला त्यांनी तिचीच आई समजून नमस्कार केला होता, आणि शेजारीण आठ दिवस बोलली नव्हती. नंतरचे दोन वर्ख आबांनी केले तेव्हा त्यांना नीट दिसत तरी होतं का? वर्ख एका अंगानं धातू, दुसऱ्या अंगानं अस्तर. धातूच्या बाजूला चौकटीच्या कोपऱ्यात आबा लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. धातू कायम झोत बाहेर जातो त्या अंगाला हवा, म्हणजे धक्का बसून निघालेलं घर मोकळ्यात पडतं. ठिपका चुकून अस्तराच्या बाजूला पडला, तर वर्ख उलटा लागणार. मग निघालेल्या घराला आधी अस्तरातून वाट काढावी लागणार, ते दमणार, उंबरठ्याजवळच मोडणार, आणि मोजणारा म्हणणार, अरेरे, अल्पायुषी. म्हणजेच एकशे दोन.

ठिपक्यानं सगळं जुळत होतं. म्हणूनच तिला ते जुळायला नको होतं.

गुरुवारी सकाळी आबा यायच्या आधी ती तळघरात उतरली. चारही चौकटी लाकडी खोक्यातून काढल्या. युरेनियम स्वतः सावकाश अल्फा कण सोडत असतं. उघड्या बाजूनं निघालेला अल्फा ताजातवाना येतो, अस्तरातून आलेला जरा दमून. छोट्या मोजणीयंत्रासमोर चौकट धरली की कुठली बाजू धातूची ते यंत्रच सांगतं. डोळ्यांची गरज नाही.

पहिली चौकट: ठिपका धातूवर. दुसरी: धातूवर. तिसरी म्हणजे नंतरच्या दोनांतली पहिली. तिनं श्वास धरला. यंत्राला वेळ लागतो. ती पाऊण तास पाण्याच्या रिकाम्या ट्रेकडे बघत बसली. ठिपका धातूवर. चौथी: धातूवर.

चारही बरोबर. आबांचा हात जसाच्या तसा होता.

आधी तिला रडावंसं वाटलं, मग नाचावंसं. मग आठवलं की आकडे अजून दोनच आहेत. संशयाचा एक खुंटा होता, तोही उपटला गेला. आता तिच्या हातात नुसतं दावं.

संध्याकाळी घरी टेबलावर ताटं मांडली होती. नवरा दुकानातून येऊन, गळ्यातली टेप तशीच ठेवून बसला होता. तो कोट शिवायचा. त्याचं म्हणणं असं की या घरात अंगाला येईल अशी वस्तू फक्त तोच बनवतो.

आबांनी ताट सरकवलं. "सूनबाई, आज माझी परीक्षा घेतलीस ना?"

तिचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"चौकटींचं खोकं म्हणालं. तिसरी चौकट चौथीच्या खाचेत ठेवलीस. मी बोटांनी मोजतो, बाई. डोळ्यांनी नाही."

"आबा, मी..."

"घेतलीस ते बरं केलंस. मला विचारलं असतंस तर मी भांडलो असतो." त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं. "मग? नापास?"

"चारही बरोबर."

आबांनी नुसती मान हलवली, जणू हवामानाची बातमी ऐकली. पण त्यांच्या हाताला पाण्याचा पेला लगेच सापडला नाही. नवऱ्यानं तो उचलून त्यांच्या बोटांशी लावला.

"डाव्या डोळ्यानं धुकं आहे," आबा मग म्हणाले. "उजव्यानं पाऊस. सहा महिने झाले. ठिपक्याला मी डोळा वापरलाच नाही कधी. भट्टीतून चौकट निघते तेव्हा धातू खाली असतो. मी ती डाव्या हातात घेतो, अंगठा खालून, आणि पालथी करायच्या आधीच अंगठ्यापाशी ठिपका देतो. चाळीस वर्षं. आंधळा झालो तरी अंगठा चुकायचा नाही."

"मग पेटीत बसवायला मला का लावलंत नंतर? म्हणालात गुडघा दुखतो."

"गुडघा खोटा होता," आबा म्हणाले. "पेटीतला खिळा दिसत नव्हता. ठिपका मात्र मी तुला नीट सांगितला होता. ठिपका आपल्या तोंडासमोर."

"तसाच लावला मी. वहीत आहे. दोन्ही वेळा, ठिपका तोंडासमोर."

"मग झालं तर. आकडाच वेडा आहे."

नवरा इतका वेळ जेवत होता. त्यानं बोट चाटलं. "कसला ठिपका, कुणाच्या तोंडासमोर? मला सांगा ना कुणीतरी. या घरात मी भाडेकरू आहे का?"

तिनं सुस्कारा सोडला. त्याला समजावणं म्हणजे कोटाला बाही लावण्याआधी माणूस कुठून येतो ते सांगणं. पण ती उठली. स्वयंपाकघरातली रिकामी थाळी घेतली, तिच्या एका बाजूला टोमॅटोच्या रसाचा ठिपका दिला.

"ही वर्खाची चौकट. ठिपक्याची बाजू म्हणजे धातू, मागची बाजू अस्तर. फ्रिज म्हणजे झोत. तिकडून येतो, इकडे खिडकीकडे जातो. तू खिडकीपाशी उभा राहा. तू तारांची जाळी."

"जाळी काय करते?"

"गप्प उभी राहते. जमेल?"

तो टेप गळ्यात घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. आबा खुर्ची वळवून बसले. त्यांना दिसत नव्हतं, पण कान टवकारले होते. तिनं थाळी मधोमध धरली, फ्रिजकडे तोंड करून, ठिपका स्वतःकडे.

"आबा सुरुवातीला असे लावायचे. ठिपका तोंडासमोर. बघ, धातू कुठं आला? खिडकीकडे. झोत मागून येतो, घर पुढं निघतं. बरोबर?"

"बरोबर," जाळी म्हणाली. "आणि तू?"

"मी पण असंच. ठिपका तोंडासमोर."

"असंच म्हणजे कुठं उभी राहून?"

"पेटीसमोर."

"पेटीच्या कुठल्या अंगाला? बघ, मी कोटाला अस्तर लावतो तेव्हा आरशात बघून ठरवत नाही. अंग कुठं आहे ते आधी बघतो. अस्तर अंगाकडे जातं. तुझ्या त्या कोटात अंग कुठं असतं?"

"अंग म्हणजे... झोत. झोत येतो त्या बाजूला अस्तर."

"आणि तू उभी होतीस कुठं?"

ती पेटीसमोर उभी होती. पेटीला तोंडं दोन. आबा नेहमी झोत बाहेर पडतो त्या अंगाचं झाकण उघडायचे. पण मधल्या चार दिवसांत नवा पंप आला, तो त्या झाकणाला चिकटून बसला. तिनंच म्हटलं होतं, राहू दे, आपण पलीकडचं झाकण उघडू. वहीत तिच्याच अक्षरात ओळ होती, 'झाकण बदललं'. ओळ वाचताना तिला झाकणच दिसलं होतं. त्या झाकणामागं उभं राहणारं माणूस दिसलं नव्हतं.

ती थाळी घेऊन फ्रिजच्या बाजूला गेली. वळली. खिडकीकडे तोंड केलं. ठिपका तोंडासमोर धरला, अगदी आबांनी सांगितला तसा. टोमॅटोचा लाल ठिपका तिच्याकडे बघत होता. म्हणजे फ्रिजकडे. म्हणजे झोताकडे. आणि खिडकीच्या बाजूला थाळीची मागची, मुकी, अस्तराची बाजू.

"ए," नवरा म्हणाला, "मला आता ठिपका दिसत नाहीये."

"नाही दिसायचा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

आबांना दिसलं नव्हतं, पण समजलं होतं. ते हळूच म्हणाले, "सूनबाई, तू पलीकडून लावलास?"

"हो."

"आणि मी तोंडासमोर म्हणालो."

"हो."

"मग चूक कुणाची?"

हाच प्रश्न ती मघापासून स्वतःला विचारत होती, आणि तो थाळीसारखाच होता. या अंगानं धरला तर तिची, त्या अंगानं धरला तर त्यांची. चाळीस वर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या माणसानं आपलं तोंड हीच दिशा धरली होती. आणि ती, शिकलीसवरलेली, ते तोंड उसनं घेऊन दुसऱ्या दारातून आत गेली होती. इतके दिवस तिनं आबांच्या डोळ्यांवर शंका घेतली होती. वर्ख उलटा तिच्याच शाबूत डोळ्यांसमोर लागला होता.

"झाकणाची," नवरा म्हणाला. "आता जेवा."

शुक्रवारी ती मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा पंखा अजून तिकडंच बघत होता. तिनं चार चौकटींच्या अल्फा मोजणीचे कागद ठेवले, वहीतली ओळ दाखवली, आणि टेबलावरच्या बशीनं सगळं पुन्हा करून दाखवलं. सरांनी बशी दोनदा स्वतः फिरवली, एकदा तर उठून टेबलाच्या पलीकडून येऊन.

"म्हणजे एकशे दोन टाकून द्यायचा."

"उलट्या वर्खाचा आहे तो. अस्तरात किती दमछाक झाली त्याचा हिशेब मला आता छातीठोक लावता येणार नाही. टाकायचा."

"आणि एकशे अठ्ठेचाळीस पाठवायचा."

"निम्म्याच मोजणीवरचा म्हणून पाठवायचा. सोबत लिहायचं, उरलेली मोजणी पुन्हा करतोय. चूक का झाली तेही लिहायचं."

"त्यात तुमचं नाव येईल."

"बसवला मी, सर. वर्खाची चूक नव्हती. तेवढं वाक्य मात्र वेगळं लिहा. ठळक."

सरांनी पेन उघडलं. "पण मग आधीच्या मोजणीत सगळं सरळ होतं हे कशावरून? तेव्हाही कुणीतरी कुठंतरी उभंच होतं की."

ती दारातच थांबली. तिला उत्तर माहीत होतं; तेव्हाचं झाकण, तेव्हाची चौकट, सगळं वहीत होतं. तरी क्षणभर तिचे डावे-उजवे एकमेकांत मिसळले, आणि केबिनचं दार आत उघडतं की बाहेर हेही तिला हाताला विचारावं लागलं.

"म्हणूनच पुन्हा मोजायचं," ती म्हणाली. "दोन वर्ख नवे लागतील. ते इथंच होतील."

सरांनी खोलीबद्दल पुढं काही काढलं नाही. होही म्हणाले नाहीत. तिनं तेवढ्यावर भागवलं.

दुपारी तळघरात आबा ट्रेमध्ये पाणी भरून बसले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली होती, त्याची चिठ्ठी त्यांनी चारदा घडी घालून खिशात ठेवली होती. भिंतीवरचा जुना कागद, 'ठिपका आपल्या तोंडासमोर', तिनं उतरवला. नवा लिहिला: 'ठिपका झोत जातो तिकडे. उभे कुठेही राहा.'

"दुसरं वाक्य कशाला?" आबांनी विचारलं, तिनं वाचून दाखवल्यावर.

"मला."

ते हसले. मग त्यांनी पितळी चौकट उचलली, थोडी हातात तोलली आणि तिच्या हातात दिली.

"मी?"

"डॉक्टरनं डोळा उघडला आणि मला दिसायला लागलं, तर हात घाबरेल. तोवर तू शीक."

पहिला पापुद्रा फाटला. दुसरा सुरकुतला, आबांना ते पाण्याच्या आवाजावरून कळलं म्हणे. तिला पाण्याला आवाज आहे हेच माहीत नव्हतं. तिसरी काच तिनं तिरपी केली. राखाडी पापुद्रा सुटला, पाण्यावर पसरला, इतका विरळ की पाणी कुठं संपतं आणि तो कुठं सुरू होतो ते नीट उमगेना. तिनं खालून चौकट आणली. आबा गुणगुणू लागले. तिचा हात त्यांच्या चालीवर वर येऊ लागला.

वारियाच्या हाती, नको मला धाडू.

"काठाची रेघ दिसते का?" आबांनी विचारलं.

तिनं मान तिरपी केली. या बाजूनं पाहिलं, मग त्या बाजूनं. "नाही, आबा. काहीच दिसत नाही."

"मग चिकटला," ते म्हणाले. "उचल."